आठ नंबरची सुई नक्की कोणती?

तालुक्याच्या दुकानात विणायच्या आठ नंबरच्या सुया मागितल्या की ४ मिलिमीटर जाडीच्या सुया मिळतात. फोनवरच्या विणकामाच्या व्हिडिओत एखादी अमेरिकन बाई ‘आठ नंबर’ म्हणते तेव्हा तिच्या हातात ५ मिमीची सुई असते. आपले नंबर इंग्रजांच्या जुन्या पद्धतीचे. त्यात नंबर वाढत जातो तशी सुई बारीक होत जाते. ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे ३.२५, १२ म्हणजे २.७५ आणि १४ म्हणजे २. अमेरिकेत नेमकं उलटं. तिथली ६ नंबरची सुई ४ मिमीची, ८ नंबरची ५ मिमीची, १० नंबरची ६ मिमीची. दोन्हीकडं जुळतो तो ७ नंबर, इथंही साडेचार मिमी अन् तिथंही साडेचार.

एवढ्याशा फरकानं काय होतं बघा. मध्यम जाडीची लोकर ४ मिमीच्या सुईवर विणली तर साधारण २२ टाक्यांत १० सेंमी रुंदी भरते. ५ मिमीच्या सुईवर तेवढ्याच रुंदीला १८ टाके पुरतात. १०० टाक्यांची पाठ एका सुईवर ४५ सेंमी होते, दुसरीवर ५५. पाठ आणि पुढा मिळून घेरात २० सेंमीचा फरक पडला! पोरीसाठी घातलेला स्वेटर तिच्या बापाला घालता येईल.

फोनवरून विणकाम शिकायला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पूर्वी एखादा नमुना शिकायचा तर तो येणारी बाई गावात असावी लागायची, तिला वेळ असावा लागायचा, अन् तिच्या शेजारी बसावं लागायचं. आता पेरूपासून जपानपर्यंतच्या बाया हात दाखवायला तयार आहेत, तेही फुकट. पण फोन नुसतं दाखवतो, मोजून काही देत नाही. फोन बघून शिकणाऱ्यांच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथं आहे. हात चुकतात म्हणून काम बिघडतं असं फार थोड्या वेळा होतं. बिघडतं ते मोजमाप दुसऱ्याचं घेतल्यामुळं.

म्हणून सुरुवात सुईपासून. जुन्या सुयांवरचे नंबर घासून गेलेले असतात आणि सुई मोजायची भोकांची पट्टी गावात कुठं मिळणार? त्याला सोपा उपाय आहे. शिवणाचा साधा दोरा घ्या, सुईला अगदी चिकटून शेजारीशेजारी दहा वेढे द्या. वेढा आवळून बसला पाहिजे, पण एकावर एक चढायला नको. जिथं सुरू झाला आणि जिथं संपला तिथं पेनानं खूण करा, दोरा सोडवा आणि फूटपट्टीवर मोजा. साडेदहा सेंमीच्या आसपास भरला तर सुई ३.२५ मिमीची, १३ च्या आसपास भरला तर ४ मिमीची, १६ च्या वर गेला तर ५ ची. दोन सुयांची जोडी लावताना हे नक्की करा. डब्यातल्या दोन सुया दिसायला सारख्या असल्या तरी एक ९ नंबरची अन् एक १० ची निघू शकते. मग एक ओळ सैल, एक ओळ घट्ट अशा पट्ट्या पडतात आणि आपला हात अजून बसला नाही असं उगीच वाटत राहतं.

सुई नक्की झाली की नमुन्याचा तुकडा. हा टाळायचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण नवी लोकर आली की कधी एकदा स्वेटर सुरू करतो असं होतं. तरी तुकडा विणाच. ३० टाके, ४० ओळी, जे विणायचं तीच वीण. मग तो धुवा, सावलीत सपाट वाळवा आणि त्यानंतर मोजा. मोजताना कडेचे टाके सोडून मधल्या १० सेंमीत किती टाके बसतात ते बघा, कारण कडा नेहमी वळलेल्या किंवा ताणलेल्या असतात. टाके मोजायला फूटपट्टी चांगली. टेप जुना असेल तर आधी स्टीलच्या पट्टीशी ताडून घ्या, प्लॅस्टिकचे टेप ओढून ओढून लांबतात.

आता हिशेब. छाती ८० सेंमी, सैलपणासाठी ५, म्हणजे घेर ८५. व्हिडिओतल्या बाईचे १० सेंमीत २२ टाके बसतात, म्हणून ती ८५ गुणिले २.२ करून १८७ टाके घालते. तुमचा हात घट्ट असला आणि तुमच्या तुकड्यात २४ बसले, तर तेच १८७ टाके तुमच्याकडं ७८ सेंमीच होतील. स्वेटर अंगात शिरेल, पण बटण लागणार नाही. तुम्ही घालायला पाहिजेत २०४. तिची पद्धत घ्या, तिचा आकडा घेऊ नका.

दुसरी मोठी गडबड फोनमुळंच वाढली आहे, आणि ती बारकाईनं समजून घेण्यासारखी आहे. नवी शिकणारी बाई सुलट टाका एका व्हिडिओवरून शिकते आणि उलट टाका दुसऱ्या व्हिडिओवरून. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर असतात, पण एकमेकींशी जुळत नाहीत. सुईवर बसलेल्या प्रत्येक टाक्याला दोन पाय असतात, एक सुईच्या पुढं, एक मागं. नेहमीच्या पद्धतीत उलट टाका घालताना लोकर सुईच्या वरून फिरवून खाली आणतात. तसं केलं की पुढच्या ओळीत टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढं येतो, आणि आपण त्याच पुढच्या पायात सुई घालून सुलट विणतो. काही व्हिडिओंत उलट टाक्याला लोकर खालून उचलतात. त्यात हात कमी हलतो, काम भराभर होतं, म्हणून ती पद्धत लगेच आवडते. पण तसं केलं की टाका सुईवर उलटा बसतो, त्याचा पुढं जाणारा पाय मागं जातो. आता सुलट ओळीत सवयीनं पुढच्याच पायात सुई घातली की टाका पीळ खाऊन बसतो.

हे ओळखायचं कसं? कापड हातात घेऊन एका टाक्याच्या दोन्ही बाजूंना बोटांनी हलकं ताणा. चांगला टाका बुडाशी उघडा दिसतो, दोन्ही पाय वेगवेगळे. पीळ खाल्लेल्या टाक्याचे पाय बुडाशी एकमेकांवर चढलेले दिसतात. असं कापड दाठर लागतं, ताणलं जात नाही, आणि धुतल्यावर तिरपं पडतं. शिवणी अंगावर फिरायला लागतात. उपाय दोन आहेत. एक तर उलट टाक्याला लोकर वरून फिरवा, नाहीतर खालूनच उचला पण सुलट ओळीत मागच्या पायात सुई घाला. दोन्ही चालतात. एक धरा अन् शेवटपर्यंत तेच करा.

व्हिडिओ बघायच्याही काही युक्त्या आहेत. वेग अर्धा करता येतो, पाव करता येतो, आणि पडद्याच्या डाव्या बाजूला दोनदा टिचकी मारली की यूट्यूब १० सेकंद मागं जातं. नवा टाका शिकताना हात नका बघू, लोकर कुठून कुठं जाते ते बघा. एखादी बाई डावखुरी वाटली तर आधी लोकरीच्या वेष्टनावरची अक्षरं बघा. ती आरशातल्यासारखी उलटी दिसत असतील तर व्हिडिओ पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेला आहे, बाई उजवीच आहे. तिच्या मागं डाव्या हातानं विणायला गेलात तर नमुन्याची दिशा फिरेल. वेण्या डावीकडं वळायच्या त्या उजवीकडं वळतील.

नमुन्याचा तक्ता मात्र फोनवर ठेवून विणू नका, कागदावर उतरवून घ्या. पडदा मधेच काळा होतो, बोट लागलं की तक्ता सरकतो, आणि स्क्रीनशॉट काढताना कडेची एक रांग कापली गेली तरी कळत नाही. तक्ता खालून वर वाचायचा. दोन सुयांवर मागंपुढं विणताना समोरच्या ओळी उजवीकडून डावीकडं, मागच्या ओळी डावीकडून उजवीकडं. वायरच्या गोल सुईवर सलग विणत असाल तर सगळ्याच ओळी उजवीकडून डावीकडं. आणि रिकामा चौकोन म्हणजे पुढून सुलट, मागून उलट. हे एक वाक्य तक्त्याच्या वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

फूल, मोर, नाव असं चित्र स्वतः काढायचं असेल तर शाळेची आलेख वही घेतात. तिचे चौकोन सारख्या मापाचे असतात, टाका तसा नसतो. १० सेंमीत २२ टाके आणि ३० ओळी बसतात, म्हणजे टाका रुंद आणि बुटका. वहीवर ३० बाय ३० चौकोनांत काढलेला गुलाब विणल्यावर साडेतेरा सेंमी रुंद आणि १० सेंमीच उंच होतो, कोणीतरी वरून दाबल्यासारखा. रुंदीला ३ चौकोन धरले तर उंचीला ४ धरायचे, मग गुलाब गुलाबासारखा येतो.

ओळी मोजायची ॲप्सही आहेत. मला ती पटत नाहीत. प्रत्येक ओळीला हातातलं काम खाली ठेवा, फोन उघडा, बटण दाबा. त्यातून पऱ्हाटीची बोंडं वेचून वेचून बोटांची टोकं खरबरीत झाली की बोटाचा ठसा फोन ओळखतच नाही. दोन वाट्या आणि तुरीचे दाणे घ्या, ओळ झाली की एक दाणा इकडून तिकडं. वीस दाणे आधीच मोजून ठेवायचे, वाटी रिकामी झाली की वीस ओळी झाल्या. नुसती सुलट वीण असेल तर दाणेही नकोत. दोन ओळींची एक धारी पडते, धाऱ्या मोजा, दुप्पट करा. विणलेलं कापड वाचता येतं. किती ओळी झाल्या, कुठं टाका गळला, कुठं एक जास्तीचा शिरला, सगळं त्याच्यावर लिहिलेलं असतं. फोनमध्ये काही बिघडलं तर असं मागं जाऊन बघायची सोय नसते, आणि एका अपडेटनं कालचं बटण आज भलतीकडं गेलेलं असतं. या बाबतीत विणकाम कितीतरी पुढं आहे असं माझं ठाम मत आहे.

खरबरीत बोटांचा विषय निघालाच आहे तर, लोकर त्याच बोटांना अडकते आणि धागे निघतात. विणायला बसण्याआधी चमचाभर साखर अन् दोन थेंब खोबरेल तेल तळहातावर चोळा, साबणानं स्वच्छ धुवा, पुसून कोरडे करा. तेल राहिलं तर पांढऱ्या लोकरीला डाग पडतो. ॲल्युमिनियमच्या जुन्या सुया पांढऱ्या धाग्याला करडा रंग देतात, त्या आधी ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

आता धागा. आपल्याकडं ‘लोकर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. त्यात वाईट काही नाही, स्वस्त आहे, रंग पक्के आहेत, कसर लागत नाही. पण काय घेतलं ते माहीत पाहिजे. बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा, खाली पाण्याची वाटी ठेवा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि राख चुरगळते. सूत कागदासारखं जळतं, मऊ करडी राख राहते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला काळी टणक गुठळी होते. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली की कापड लुळं पडतं आणि पुन्हा पूर्वीसारखं होत नाही. पट्टीची (१ सुलट १ उलट) वीण तर कायमची सपाट होते. चुलीजवळ बसणाऱ्या माणसासाठी आणि तान्ह्या बाळासाठी ॲक्रिलिक नको, सूतच बरं.

विदर्भात सुताचं विणकाम इतकं कमी का, हे मला खरंच उमगत नाही. कापूस आपल्या दारात. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढं जातो आणि डिसेंबरात रात्री दहाच्या खाली येतो. भर थंडी मोजके आठवडे, बाकी वर्षभर पहाटेपुरता गारवा. अशा हवेला सुती जाकीट, सुती टोपडं, सुती मोजे किती सोयीचे. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची वेचणी संपली, की कास्तकाराच्या घरी थोडी उसंत मिळते, चैत्र-वैशाखाच्या दुपारी बाहेर पडवत नाही, आणि घामेजल्या हातांना ॲक्रिलिक चिकटतं पण सूत घाम पिऊन घेतं. विणायचा खरा हंगाम तो. हिवाळा लागल्यावर स्वेटर सुरू केला तर तो संक्रांतीनंतरच अंगावर येतो. तयार स्वेटर तर हिवाळ्यात शहरोशहरी तिबेटी लोकांच्या दुकानांत मिळतातच. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत १९७२ पासून आहे. त्या स्वेटरांशी हातानं बरोबरी करायची गरज नाही. हातानं ते विणावं जे बाजारात नाही, अन् सुती विणकाम बाजारात जवळजवळ नाहीच. विणकामाचे जगातले सगळ्यात जुने जे नमुने टिकून आहेत, त्यांत इजिप्तमध्ये सापडलेले निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे आहेत. मोजे आणि सूत यांची सोयरीक जुनी आहे.

सूत सुयांसाठी तयार करायचं कसं? वर्धा-सेवाग्रामच्या आसपास कताई अजून जिवंत आहे, त्यामुळं सूत मिळणं अवघड नाही. हिशेब असा: इंग्रजी पद्धतीच्या २० काउंटचं (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा) एकेरी सूत ग्रॅमला साधारण ३४ मीटर भरतं. हे सुयांवर फार बारीक. आठ पदर एकत्र केले की ग्रॅमला सव्वाचार मीटर होतं, म्हणजे बारीक ४ प्लाय लोकरीएवढं, ११ नंबरच्या म्हणजे ३ मिमीच्या सुईला बेताचं. ५० ग्रॅमचा गुंडा सुमारे २१० मीटरचा. पण आठ पदर नुसते शेजारी धरून विणू नका, सुईचं टोक पदरांच्या मधून जातं आणि टाका फाटतो. कातताना ज्या बाजूला पीळ दिला त्याच्या उलट बाजूला आठ पदरांना पीळ द्या. तसाच एकेरी पीळ ठेवला तर कापड तिरपं पडतं. मग लडी करून चार जागी सैल बांधा, धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात उकळा, स्वच्छ धुवा, वजन न लावता वाळवा. सूत इथंच आटून घ्यायचं, म्हणजे विणल्यावर आटत नाही. गुंडा करताना लोकर असो की सूत, अंगठा मधे धरून सैल गुंडाळा. घट्ट गुंडाळलेला धागा ताणलेला राहतो आणि विणल्यावर, पहिल्या धुण्यात, आखडतो.

सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते. म्हणून मनगटाची आणि कमरेची पट्टी दोन नंबर बारीक सुईवर विणा, नाहीतर ती आठवड्यात सैल पडते. ओलं सूत जड होतं, दोरीवर टांगलं तर स्वेटर लांबत जातो. खाटेवर चादर टाकून त्यावर आडवा पसरवा.

हल्ली एक नवाच घोळ आहे. फोनवर असे क्रोशाचे मोर, गणपती, फुलझाडं दिसतात की डोळे दिपून जातात, आणि त्यांतले कितीतरी कोणी विणलेलेच नसतात. एआयनं, म्हणजे संगणकानं, बनवलेली चित्रं ती. ओळखायला एकच खात्रीची जागा आहे: फोटो मोठा करा आणि एका टाक्यापासून धाग्याचा माग काढा. खऱ्या कामात प्रत्येक टाका खालच्या टाक्यातून निघालेला दिसतो आणि ओळ कुठं सुरू झाली ते सापडतं. खोट्या चित्रात टाके मधेच विरघळतात, क्रोशाचे खांब वर जाता जाता सुयांच्या विणीसारखे होतात, दोन डोळे दोन वेगळ्या मापांचे असतात. अशा चित्राची कृती विकत मिळत असेल तर पैसे देऊ नका.

लिहून मिळणाऱ्या कृतींचंही तसंच. फोनमधल्या चॅटबॉटला टोपीची कृती विचारली तर तो क्षणात लिहून देतो, भाषा अगदी बरोबर. पण तो शब्दामागून शब्द जुळवतो, सुईवर टाके ठेवून बघत नाही. त्यामुळं आकडे फसतात. तपासणी आपण करायची, अन् ती सोपी आहे. ओळीत ४० टाके आहेत आणि कृती म्हणते ‘३ सुलट, २ चा एक (दोन टाके एकत्र विणायचे), असं शेवटपर्यंत’. एका खेपेत ५ टाके लागतात आणि ४ उरतात. ४० ला ५ नं भाग दिला की ८ खेपा, म्हणजे उरले ३२. कृतीत ३० लिहिलं असेल तर तिथंच थांबा. क्रोशाच्या गोलाला तर ठरलेला नियमच आहे. मुक्या खांबाचा सपाट गोल दर फेरीला ६ नं वाढतो: ६, १२, १८, २४. खांबांचा गोल १२ नं वाढतो. त्याहून जास्त वाढवलं तर कडेला झालर पडते, कमी वाढवलं तर वाटी होते. इथंही अमेरिकेचे आणि इंग्रजांचे शब्द वेगळे आहेत. अमेरिकन कृतीतला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब, इंग्रज कृतीतला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब. कृती कुठली आहे ते आधी बघा. ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द दिसला की ती अमेरिकन.

सगळा हिशेब जुळतो अशी एक कृती इथं देते, नव्या बाळाच्या सुती टोपड्याची. वर सांगितलेलं आठ पदरी सूत किंवा ४ प्लाय सुती धागा, ५० ग्रॅम पुरून उरतो. सुया १३ आणि ११ नंबरच्या, म्हणजे २.२५ आणि ३ मिमी. नमुन्यात १० सेंमीला २८ टाके, ३६ ओळी यायला पाहिजेत. २६ येत असतील तर एक नंबर बारीक सुई घ्या.

१३ नंबरच्या सुईवर ९० टाके घाला. घालताना सैल हातानं घाला, नाहीतर कपाळावर वळ उठतो. १ सुलट १ उलट अशा १० ओळी. मग ११ नंबरची सुई घेऊन पुढून सुलट, मागून उलट, सुरुवातीपासून १० सेंमी होईपर्यंत. शेवटची ओळ मागची असू द्या. इथं सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा बारीक दोरा सुईनं ओवून ठेवा. पुढं काही चुकलं तर या दोऱ्यापर्यंत बिनधास्त उसवता येतं, टाके गळत नाहीत.

आता टाके कमी करायचे. दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीसाठी तसाच ठेवायचा. पहिली ओळ: १ सुलट, मग (९ सुलट, २ चा एक) आठ वेळा, १ सुलट. राहिले ८२. पुढची ओळ सगळी उलट. मग कंसात ८ सुलट, राहिले ७४. असं दर सुलट ओळीला कंसातला सुलट आकडा एकानं कमी करत जायचं आणि मधली प्रत्येक ओळ उलट. दर वेळी ८ टाके कमी होतात: ६६, ५८, ५०, ४२, ३४, २६, १८. शेवटी कंसात नुसते ‘२ चा एक’ उरतात आणि सुईवर १० टाके राहतात. एखाद्या ओळीनंतर आकडा जुळला नाही तर त्याच ओळीत चूक आहे, मागं शोधायची गरज नाही. धागा हातभर ठेवून कापा, दहाही टाक्यांतून ओवा, ओढून गाठ मारा आणि त्याच धाग्यानं मागची शिवण घाला. शिवण बाहेरून सपाट घ्या, आत जाड पट्टी आली तर निजलेल्या बाळाला टोचते. हनुवटीखाली लांब नाड्या लावू नका, गळ्याभोवती अडकतात. अन् वर गोंडा लावलाच तर घट्ट शिवा, बाळं तो तोंडात घालतात.

धागा फोनवरून मागवत असाल तर सगळा एकदाच मागवा, वर एक गुंडा जास्तीचा. वेष्टनावर लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या धाग्याचा नंबर, असतो. रंगाचं नाव तेच असलं तरी लॉट बदलला की छटा बदलते, आणि घरात दिसत नाही पण उन्हात बरोबर दिसते. दोन लॉट आलेच तर एकाच्या दोन ओळी, दुसऱ्याच्या दोन ओळी असं आलटून पालटून विणा, फरक मिसळून जातो. जांभळा, लाल आणि गर्द हिरवा हे रंग फोटोत हमखास वेगळे दिसतात. दुकानातली माणसं ओळखीची असतील तर खिडकीजवळ उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो मागवा. वजनाबरोबर मीटरही बघा. १०० ग्रॅम सुताचा गुंडा १०० ग्रॅम ॲक्रिलिकपेक्षा लांबीला सहसा कमी भरतो, कारण सूत जड.

कुठं अडलं तर फोनवरूनच विचारा, पण विचारायचीही पद्धत आहे. काम सपाट ठेवून, सुई तशीच असताना, दिवसाच्या उजेडात पुढून एक आणि मागून एक फोटो काढा, बाजूला फूटपट्टी ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि नेमके टाकेच पुसट होतात. तक्ता किंवा चुकीचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, तो जसाच्या तसा जातो. आणि स्वतःची कृती कोणाला पाठवाल तेव्हा वरच्या ओळीत चार गोष्टी लिहा: सुई मिलिमीटरमध्ये, धागा ग्रॅम आणि मीटरमध्ये, १० सेंमीत टाके किती आणि ओळी किती, आणि धुण्याआधी मोजलं की धुतल्यानंतर. मग गोंदियाच्या बाईनं पाठवलेलं टोपडं बुलढाण्याच्या बाईच्या हातूनही त्याच मापाचं होईल.